नोंद कोणती, हांक कोणती

पस्तीस वर्षें मीं मालेगांवीं मुलांना मराठी व गणित शिकविलें. संगणकाच्या कारागिरीवर मीं बोलावें याचें आपणांस नवल वाटेल, आणि तें रास्तच आहे. परंतु गेल्या दिवाळींत माझा पुण्याचा पुतण्या आपल्या हातून घडलेली एक चूक मला सांगूं लागला, तेव्हां तीच चूक मीं लाल शाईनें फार पूर्वीं करून ठेवलेली आहे, असें माझ्या ध्यानांत आलें.

प्रथम शब्दांची ओळख करून देतों. चालू असलेला प्रोग्राम आपण काय केलें, कोठें अडलों, हें एका वहींत टिपीत असतो. तिला लॉग म्हणतात. हा शब्द मूळचा गलबतावरचा. दोरीला बांधलेला लाकडाचा तुकडा पाण्यांत सोडून खलाशी जहाजाचा वेग मोजीत. त्या तुकड्याचें नांव लॉग, आणि वेग टिपण्याची वही ती लॉगबुक. संगणकाच्या वहींत प्रत्येक ओळीला एक पायरी लावावी लागते. पायथॉन भाषेंत अशा पांच पायऱ्या आहेत : डीबग, इन्फो, वॉर्निंग, एरर व क्रिटिकल, त्यांचे आंकडे 10, 20, 30, 40 व 50. मालकानें ‘तिसाखालचें मला नको’ असें सांगितलें, कीं डीबग व इन्फो मुके होतात. युनिक्सच्या जुन्या सिसलॉगमध्यें 0 पासून 7 पर्यंत आठ पायऱ्या असून तेथें आंकडा जितका लहान तितकें संकट मोठें! गणिताच्या मास्तराला हा उलटा जिना अद्याप पचलेला नाहीं.

आतां लायब्ररी. ग्रंथालय नव्हे; दुसऱ्यांनीं आपापल्या प्रोग्रामांत जोडून घ्यावे म्हणून तयार केलेले सुटे भाग. ते करणाऱ्याला, आपला भाग कोणाच्या घरीं जाऊन बसेल, हें ठाऊक नसतें. पुष्कळदां घरधन्यालाहि तो आपल्या घरांत आहे हें ठाऊक नसतें. डिसेंबर 2021 मध्यें लॉग-फोर-जे या लॉग लिहिणाऱ्या लायब्ररींतच मोठें भगदाड सांपडलें, तेव्हां ती आपल्याकडे आहे कीं नाहीं हें शोधण्यांतच जगभरच्या कचेऱ्यांचे दिवस गेले.

पुतण्याची लायब्ररी आरंभीं सूचनांची एक फाईल शोधी. ती न मिळाल्यास ठरलेल्या सूचनांवर काम चालवी, आणि वहींत मात्र ‘एरर’ लिही. एका कचेरींत ती फाईल मुद्दामच ठेवलेली नव्हती. तेथें एरर पडला कीं रात्रपाळीच्या माणसाचा फोन वाजे. चार रात्री त्याची झोंप मोडली. पांचव्या रात्रीं त्यानें या लायब्ररीच्या सर्व ओळी बंद केल्या. कांहीं दिवसांनीं डिस्क भरली. ही लायब्ररी माहिती साठवून मागाहून, आपल्या सवडीनें लिहीत असे. ‘लिहितां येत नाहीं’ असें ती सांगत होती, परंतु ऐकणार कोण? एका दिवसाच्या नोंदी गेल्या त्या गेल्याच.

माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षीं शाळेंत एक तक्रारवही होती. ती मुख्याध्यापक रोज पाहात. गृहपाठ राहिला, शर्टाची गुंडी तुटली, पाटी फुटली, सारें मीं तींत लाल शाईनें लिहून ठेवीं. थोड्याच दिवसांत माझें पान न वाचतां त्यावर सही होऊं लागली. ज्येष्ठांत त्याच शाईनें मीं लिहिलें कीं वर्गाच्या छपराचें आढें वांकलें आहे. सही झाली. आषाढांतल्या एका रात्रीं छप्पर खालीं आलें. रात्र होती म्हणून आज हें मीं आपणांस सांगूं शकतों. मुख्याध्यापकांस मीं मनांतून बराच काळ दोष दिला. लाल शाईला दिला नाहीं.

पुतण्याची अडचण माझ्याहून अवघड. मला माझी शाळा तरी ठाऊक होती. इगतपुरी आणि मालेगांव हीं एकाच नाशिक जिल्ह्यांतलीं. चोवीस तासांत पाऊस 64.5 मिलिमीटरांवर गेला कीं हवामानखातें तो जोरदार पावसांत धरतें. घाटमाथ्यावरच्या इगतपुरीस श्रावणांत त्याचें कोणास अप्रूप नाहीं; तोच पाऊस मालेगांवीं कोसळला तर मोसम नदीकांठचीं माणसें सामान उचलूं लागतात. पर्जन्यमापकानें मिलिमीटर सांगावे. शाळांना सुटी द्यावी कीं नाहीं, हें जिल्हाधिकाऱ्यांनीं ठरवावें. लायब्ररी म्हणजे पर्जन्यमापक. ‘फाईल नाहीं’ एवढें तिला दिसतें. तें संकट आहे कीं नित्याचें, हें घरधनी जाणतो.

मग तिनें गप्प बसावें काय? आमच्या गांवचे यंत्रमाग पाहा. आडवा धागा तुटला कीं नीट जुळविलेला माग आपण होऊन थांबतो; गल्लींत घंटा वाजवीत नाहीं. त्या खडखडाटांतहि एक माग मुका झाल्याचें विणकराला समजतें. लायब्ररीनेंहि असेंच करावें. काम होईना तर थांबून, बोलावणाऱ्याच्या हातीं ती अडचण द्यावी. याला एक्सेप्शन म्हणतात. तें दिल्यावर वर एररची ओळहि लिहूं नये, नाहींतर एकच अपघात लायब्ररीच्या नांवें एकदां व मालकाच्या नांवें पुन्हां नोंदला जातो. आपल्या आंतल्या हालचाली, केलेले प्रयत्न, यांना डीबग पुरे. वॉर्निंग तेव्हां, जेव्हां काम तर झालें परंतु मालकानें कांहीं बदलणें इष्ट आहे. उदाहरणार्थ, त्यानें वापरलेली रीत पुढील आवृत्तींत काढून टाकली जाणार असेल. एरर लिहावा तो अडचण हातीं देण्यास समोर कोणी नसेल तेव्हांच. डिस्कची ती ओळ अशी होती. ती एररच असावयास हवी होती. क्रिटिकल हा शब्द मात्र लायब्ररीच्या तोंडीं शोभत नाहीं. घर बुडालें कीं काय, हें पाहुण्यानें जाहीर करूं नये. वही कोणती व ती कोठें ठेवावी, हेंहि त्यानें ठरवूं नये. पायथॉनच्या मार्गदर्शिकेंत लायब्ररीनें फक्त ‘नलहँडलर’, म्हणजे कांहींच न लिहिणारा लेखनिक, जोडावा असें सांगितलें आहे तें याचसाठीं.

फाईल नसल्याची ओळ कोणत्या पायरीवर घालावी, यावर फराळ संपेपर्यंत आमचा वाद चालला. तो म्हणाला, “काका, वॉर्निंग तरी ठेवूं द्या.” मीं विचारलें, “तूं आपण होऊन शोधायला गेलास, कीं मालकानें फाईलचें नांव घेऊन तुला पाठविलें?” तो थोडा वेळ बोलला नाहीं. शेवटीं त्यानें दोन वाटा केल्या. मालकानें नांव दिलें असून फाईल नसेल तर एक्सेप्शन. नेहमींच्या जागीं सहज पाहिली व नव्हती, तर डीबग. नवी आवृत्ति त्या कचेरींत पोंचली आहे. रात्रपाळीच्या त्या गृहस्थानें मात्र लायब्ररीच्या ओळी अद्याप उघडलेल्या नाहींत.