ओंठांची निगा

नागपूरच्या उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांपलीकडे गेला, कीं प्रथम फुटतात ते ओंठ. ओंठांची त्वचा पातळ. तींत तैलग्रंथि जवळजवळ नसतात, म्हणून ओलावा टिकत नाहीं. मुलें वर्गांत सारखीं ओंठ चाटतांना मीं पाहिलीं आहेत. परंतु लाळ सुकतांना उरलासुरला ओलावाहि नेते. त्याऐवजीं निजतांना साजूक तूप किंवा व्हॅसलीन लावावें, सुटलेली साल ओढूं नये, आणि उन्हांत जातांना तोंडाला दुपट्टा बांधावा.

ओंठांचे कोपरे वरचेवर चिरत असतील, तर पुष्कळदां आहारांत लोह किंवा ‘ब’ जीवनसत्त्व उणें असतें. दूध, ताक, पालेभाजी व मोडाचीं कडधान्यें पानांत असावींत.

ह्या झाल्या साध्या तक्रारी. विदर्भांत भय आहे तें खर्रा खाण्याचें. सुपारी, तंबाखू व चुना एकत्र घोटून तो ओंठाआड धरितात. महाराष्ट्रांत २०१२ साली गुटख्यावर बंदी आली; खर्रा मात्र सुटला नाहीं. सुपारीनें तोंड उघडेनासें होतें, तंबाखूनें कर्करोग जडतो. आणि आरंभीं कांहींच दुखत नाहीं, हेंच घातक.

पांढरा चट्टा, गांठ, किंवा दोन आठवड्यांत न भरलेला व्रण दिसल्यास घरीं मलम लावीत बसूं नये. नागपुरांत १९६८ पासून शासकीय दंत महाविद्यालय आहे, तेथें दाखवावें. महिन्यांतून एकदां उजेडांत, आरशापुढें ओंठ उलटून पाहावा, व घरांतील तरुणांसहि पाहावयास लावावें. ह्यास पैसा लागत नाहीं. संकोच तेवढा सोडावा लागतो.