कोळशाचें सूत आणि आकाशांतली वीज

शहापूर तालुक्यांतल्या भातसानगरला विजेचीं दोन रूपें परिचित आहेत. भातसा धरणाच्या १५ मेगावॉटच्या विद्युत्‌गृहांतली वीज तारेंतून निमूटपणें चालते. मृगाच्या आरंभीं सह्याद्रीवर कडाडणारी वीज मात्र स्वतःची वाट स्वतः शोधते.

कसारा घाट ओलांडून नाशिकजवळच्या ओझरला गेलें म्हणजे या दुसऱ्या विजेचा प्रश्न निराळ्या रूपानें पुढें येतो. तेथें तयार झालेल्या ‘तेजस मार्क १ए’ या लढाऊ विमानानें १७ ऑक्टोबर २०२५ रोजीं उड्डाण केलें. तेजसच्या सांगाड्याच्या वजनापैकीं सुमारें ४५ टक्के भाग धातूचा नसून कृत्रिम राळेंत बसविलेल्या कार्बनतंतूंसारख्या संमिश्र द्रव्याचा आहे.

कार्बनतंतु म्हणजे कोळशाचेंच बारीक सूत. त्याचा व विजेचा स्नेह जुना आहे; एडिसननें १८८० सालीं दिव्यांत उजळविला तो कोळसा केलेल्या बांबूचा तंतु होता. या सुतांतून लांबीच्या दिशेनें वीज वाहते, पण तांब्याच्या मानानें सुमारें हजारपट अडखळत. आडव्या दिशेला तर मध्यें राळ येते, आणि राळ विजेला वाट देत नाहीं. जेथें तंतूला तंतु टेकतो तेवढाच मार्ग उरतो. असा हा पदार्थ धड धातूही नव्हे आणि धड लाकूडही नव्हे.

आकाशांतल्या विजेचा प्रवाह दोन लक्ष अँपिअरपर्यंत चढूं शकतो. ॲल्युमिनिअमच्या पत्र्यावरून तो पसरून निघून जातो. कार्बनच्या थरांत तो अडतो. त्याची उष्णता होते, राळ जळते आणि थर सुटतात. पंखांतच इंधन सांठविलेलें असल्यानें प्रश्न वैमानिकाच्या प्राणाचा होतो.

म्हणून अशा विमानांच्या पृष्ठभागाखालीं तांब्याची बारीक जाळी घालण्याची पद्धति आहे. ॲल्युमिनिअम व कार्बन यांच्यामध्येंही कांचतंतूंचा थर ठेवतात. एरव्हीं पावसाळी ओलाव्यांत दोहोंचा विद्युत्‌घट बनून धातु झिजूं लागतो.

उंच इमारतीवर पडलेली वीज तांब्याच्या पट्टीनें जमिनींत उतरते. उडत्या विमानाला जमीन नाहीं. त्याच्या जाळीची वाट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड असावी लागते. म्हणूनच दुरुस्तीच्या वेळीं रंगाचा हात फिरविण्यापूर्वीं कारागिरानें तुटलेली जाळी सांधली आहे कीं नाहीं, हें तपासून पाहावें लागतें.