३६ गुणांच्या पलीकडे

श्रोतेहो, लग्न ठरवताना आपल्याकडे पत्रिका पाहतात. ३६ पैकी १८ गुण जुळले की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. पत्रिका न मानणारी मुलंमुली ‘वेव्हलेंग्थ’ जुळते का, ते पाहतात. समजूत तीच : जोडी आधीच ठरलेली असते, आपण फक्त ती ओळखायची.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ सी. रेमंड नी यांनी १९९८ मध्ये या समजुतीवरच संशोधन प्रसिद्ध केलं. काहींना वाटतं, नातं एकतर जुळतं किंवा जुळत नाही. काहींना वाटतं, ते वाढवावं लागतं. फरक कळतो तो खटका उडाल्यावर. पहिला म्हणतो, ‘निवडच चुकली.’ दुसरा म्हणतो, ‘बरं, आता काय करू या?’

मी पहिल्या पंथातली. लग्नाच्या बाराव्या वर्षी मी बॅग भरली होती. माझे वडील आजारी होते आणि यांनी एकदाही ‘माहेरी जाऊन ये’ म्हटलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. न सांगता कळायला हवं. मागून मिळालं तर त्यात काय राम? बॅग पाहून हे गोंधळले. म्हणाले, ‘‘अगं, मुलांच्या परीक्षेमुळे तूच थांबली आहेस, असं मला वाटत होतं.’’ तिकीट तेच काढून आले. वडील मला भेटले, श्रोतेहो. पण चार दिवस उशीर झाला असता तर ते मी यांना कधीच माफ केलं नसतं.

सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन गॉटमन यांनी जोडप्यांच्या भांडणांचं चित्रीकरण केलं. टिकणारी जोडपीही भांडतात. पण एका कडू बोलामागे साधारण पाच बऱ्या गोष्टी असतात : एखादा विनोद, मान डोलावणं, ‘हं, खरंय’. सर्वांत घातक ठरला तुच्छतेचा सूर. आपल्याकडे तर टोमणा मारणं ही कलाच मानतात!

मारहाण सोसणाऱ्या बाईला मात्र यातलं काही ऐकवू नये. तिच्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे.

हल्ली रात्री दिवा मालवण्यापूर्वी हे विचारतात, ‘‘काही सांगायचं राहिलंय का?’’ बहुतेक वेळा माझं उत्तर असतं, ‘‘हो, गॅस संपत आलाय.’’