अजिंठ्याला गाईड घ्यायचा की आपलं आपण फिरायचं?

बचत गटाची सहल ठरली की आमच्याकडे पहिला वाद हाच. गाईडला पैसे द्यायचे, की आपलं आपण फिरायचं?

जळगावहून अजिंठा साधारण ६० किलोमीटर. धुळ्याच्या गटांनीही आधी जळगाव गाठावं. मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला निम्मं तिकीट आहे, म्हणून जाणं परवडतं. फर्दापूर फाट्यावर उतरायचं आणि पुढे लेण्यांच्या बसने जायचं. सोमवारी लेणी बंद असतात.

आम्ही म्हणतो, चित्रांसाठी गाईड घ्या. १, २, १६ आणि १७ नंबरच्या लेण्यांत उजेड कमी. पद्मपाणी कुठे, जातककथा कुठून सुरू होते, हे कुणी दाखवलं नाही तर नुसत्या भिंती बघून परत यायचं. खर्च वीसजणींत वाटला की कुणावर भार पडत नाही. ओळखपत्र असलेलाच गाईड घ्या. पैसे, वेळ आणि लेणी आधी ठरवा, आणि मराठीत सांगा म्हणावं.

बाकीची लेणी मोकळेपणी बघा. २६ नंबरच्या लेण्यात पहुडलेल्या भव्य बुद्धापुढे निवांत बसायला गाईड लागत नाही. फक्त जोडीजोडीने फिरा.

फाट्यावर परत जमायची वेळ मात्र सगळ्यांनी पाळायची. शेवटची एसटी कुणासाठी थांबत नाही. आणि एकीमुळे रात्र झाली, तर पुढच्या सहलीला घरून होकार मिळणं सगळ्यांनाच जड जातं.