वेस बंद केली तर पिशाच बाहेर राहते का?

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात चौथ्या दिवशी मंडळाच्या वाचक गटातर्फे झालेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या मंडळाचा वाचक गट म्हणजे आम्ही सहाजण. दोघे निवृत्त, एक शिक्षिका, एक बँकेतल्या बाई आणि दोघे सरकारी कचेरीतले डिप्लोमावाले. बोलायचे कोणी यासाठी चिठ्ठ्या टाकल्या आणि काम डिप्लोमावाल्यांच्या गळ्यात पडले. मराठीच्या शिक्षिका समोर बसल्या आहेत, त्यामुळे व्याकरणाच्या चुका झाल्या तर टाळ्या त्यांना द्या.

विषय ऐकल्यावर अध्यक्षांनी दोनदा विचारले, "गणपतीत पिशाचावर बोलणार?" आम्ही म्हटले, गणांचा जो पती त्याच्या पित्याच्या लवाजम्यात भुतेच आहेत, तेव्हा हरकत नसावी.

झाले असे, की आमच्यापैकी एकाची मुलगी पुण्याला शिकते. सुटीत घरी आली आणि जाताना एक इंग्रजी कादंबरी विसरून गेली. 'द हॅलोड वन्स', लेखिका लॉरा बिकल, साल २०१२. रक्त पिणाऱ्या पिशाचांची भयकथा, पण घडते कुठे, तर अमेरिकेतल्या अमिश लोकांच्या वस्तीत. आम्ही लहानपणी नारायण धारपांवर पोसलेले. पिशाच आम्हाला नवे नव्हते, अमिश मात्र नवे होते. म्हणून आधी त्यांच्याविषयी सांगतो.

हा ख्रिस्ती लोकांचा एक पंथ. १६९३ साली स्वित्झर्लंड आणि अल्सास भागात याकोब अम्मान नावाच्या धर्मोपदेशकाच्या मागे जे लोक वेगळे झाले, ते अमिश. युरोपात छळ झाला म्हणून अठराव्या शतकात ते पेनसिल्व्हेनियात गेले. तिथला लँकेस्टर जिल्हा आजही त्यांचे मोठे ठिकाण आहे. आज त्यांची संख्या साडेतीन लाखांहून अधिक आहे. साधे एकरंगी कपडे, घोड्याची बग्गी, शाळा आठवीपर्यंत. त्या आठवीवरून खटला थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९७२ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला.

ते विजेच्या विरुद्ध आहेत असे आपण समजतो. खरे तर त्यांना नको असते ती बाहेरून येणारी तार, कारण तार आली की जगाशी बांधले गेलो. आम्हा डिप्लोमावाल्यांना यातली खरी गंमत पुढे सापडली. लँकेस्टरच्या कारखान्यांत ते डिझेल इंजिनावर कॉम्प्रेसर चालवतात आणि दाबलेल्या हवेवर ड्रिल, करवत, इतकेच काय शिवणयंत्रसुद्धा फिरवतात. टेलिफोन घरात नाही, पण गल्लीच्या टोकाला फोनची खोपटी असते. म्हणजे नियम पक्का आणि वाटही काढलेली. चाळीशी ओलांडलेल्या सरकारी नोकराला हे समजावून सांगावे लागत नाही.

भाषेचे ऐका. घरात ते पेनसिल्व्हेनियातली आपली जुनी जर्मन बोली बोलतात, प्रार्थनेला ग्रंथातली जर्मन, आणि बाहेरच्यांशी इंग्रजी. बाहेरचा माणूस कोणत्याही देशाचा असो, त्यांच्या लेखी तो 'इंग्लिश'. आपण बडोद्याचे मराठी लोक घरात मराठी, बाजारात गुजराती, वरिष्ठांशी हिंदी बोलतो. आम्हाला हे लोक एकदम शेजारचे वाटू लागले.

आता कथा. केटी ही अमिश मुलगी. तिच्या 'रुमश्प्रिंगा'ची वेळ आली आहे. वयात आलेल्या मुलामुलींना बाहेरचे जग थोडे चाखून बघायची सवलत असते, त्या काळाला हे नाव आहे. केटी त्याचीच वाट पाहत असते. तेवढ्यात बाहेर काहीतरी भयंकर सुरू झाल्याच्या बातम्या येतात. वस्तीतले वडीलधारे नियम करतात, की कोणी बाहेर जायचे नाही आणि बाहेरच्या कोणालाही आत घ्यायचे नाही. वेस बंद. आणि केटीला एक तरुण सापडतो, बाहेरचा, जखमी, मरायला टेकलेला. ती त्याला चोरून आपल्या गोठ्यात आणून ठेवते.

पुढचे सांगत नाही. पुस्तक मंडळाच्या कपाटात आहे.

भयकथेला ही जागा का मानवते, यावर आमची दोन शनिवार चर्चा चालली. बाहेरचे दिवे गेले, फोन बंद पडले, तरी ज्यांच्याकडे तारच नाही त्यांना कळणार कसे? हा एक मुद्दा झाला. निवृत्त सभासदांपैकी एकांनी दुसरा काढला. अमिश लोक समोर उभे राहून फोटो काढून घेत नाहीत, मुलींच्या कापडी बाहुल्यांनाही पुष्कळदा चेहरा नसतो. आणि ब्रॅम स्टोकरच्या १८९७ सालच्या ड्रॅक्युलाचे प्रतिबिंब आरशात पडत नाही. म्हणजे दोघेही प्रतिमेबाहेरचे! मुद्दा बरा होता, पण आम्हाला तो जरा ओढून ताणून वाटला.

बँकेतल्या बाईंचा मुद्दा मात्र सगळ्यांना पटला. ड्रॅक्युला आपण होऊन घरात शिरू शकत नाही, घरातल्या कोणीतरी पहिल्यांदा त्याला 'या' म्हणावे लागते. आपला मुंजा पिंपळावर बसतो, हडळ वाटेत गाठते, त्यांना निमंत्रण लागत नाही. या पिशाचाला लागते. त्यामुळे असल्या कथेत खरा संशय पिशाचावर नसतोच, तो घरातल्यांवर असतो. दार कोण उघडेल? बहुतेक वेळा ज्याला दया येते तोच. केटीने दार उघडले ते दयेपोटी, आणि वस्तीच्या नियमाने दया हाच गुन्हा ठरतो.

शिक्षा काय? अमिश भाषेत 'मायडुंग', आपल्या भाषेत वाळीत टाकणे. एका पंगतीला जेवायचे नाही, त्याच्या हातून वस्तू घ्यायची नाही. १६९३ साली हा पंथ फुटला तो मुख्यतः याच प्रश्नावर, की वाळीत टाकायचे ते कितपत कडक. कादंबरीच्या दुसऱ्या भागात केटी वस्तीबाहेर काढलेली आहे, एवढे मुखपृष्ठाच्या मागेच छापले आहे, तेव्हा सांगायला हरकत नाही.

इथे आमची चर्चा थांबली. त्याचे कारण सांगतो.

आमच्यापैकी एकाच्या बहिणीने २००९ साली घरच्यांच्या मर्जीविरुद्ध जातीबाहेर लग्न केले. कोण ते सांगत नाही, कारण या सभागृहात ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्या घरच्या गणपतीला ती त्यानंतर आलेली नाही. मंडळाच्या सभासद कुटुंबांच्या यादीतून तिचे नाव गेले. कोणी ठराव केला नाही, पुढच्या छपाईत ते नव्हते एवढेच. वडील गेले तेव्हा वर्तमानपत्रातल्या निवेदनात दोन्ही मुलांची नावे होती, तिचे नव्हते. तो मजकूर आमच्यापैकी तिघांनी एका टेबलाशी बसून लिहिला होता. शब्द मोजून, कारण दर ओळीवर होता. तिच्या नावाची ओळ आम्ही पैशासाठी गाळली नाही.

आणि आता अमिशांचा नियम ऐका. त्यांच्याकडे बाप्तिस्मा लहानपणी होत नाही. माणूस मोठा झाला, बाहेरचे बघून झाले, की तो आपण होऊन पंथाची शपथ घेतो किंवा घेत नाही. वाळीत टाकतात ते शपथ घेऊन मोडणाऱ्याला. ज्याने ती घेतलीच नाही आणि निघून गेला, त्याला आईवडिलांच्या पंगतीला बसता येते. आमच्या मित्राच्या बहिणीने कोणती शपथ घेतली होती? आपण ज्यांना मागासलेले म्हणून हसतो त्या बग्गीवाल्यांच्या घरात तिला वाळीत टाकता आले नसते. हे शिक्षिकाबाईंनी बोलून दाखवले आणि मित्र उठून पाणी प्यायला गेला.

अमिशांचे सगळे चांगलेच आहे असे आमचे म्हणणे नाही. शपथ घेऊन मोडणाऱ्यांची घरे तिथेही तुटतात. पण २ ऑक्टोबर २००६ रोजी लँकेस्टर जिल्ह्यातल्या निकेल माइन्स गावी, त्यांच्या एका खोलीच्या शाळेत एक माणूस बंदूक घेऊन शिरला. दहा मुलींना गोळ्या लागल्या, पाच गेल्या. मारणारा कोणी दुरून आलेला नव्हता, त्याच भागात दुधाचा ट्रक चालवणारा होता. शेवटी त्याने स्वतःलाही संपवले. त्यानंतर ज्यांच्या मुली गेल्या होत्या त्यांच्यापैकी काहीजण त्याच्या बायकामुलांच्या घरी गेले, त्याच्या दफनालाही अमिश लोक उभे राहिले. आम्ही सहाजणांनी हे वाचले आणि खरे सांगतो, आम्हाला ते पूर्ण समजले नाही. आमच्या मित्राने एवढेच म्हटले, की आपल्याकडे तर कोणी कोणाला मारलेसुद्धा नव्हते.

यंदा उत्सवाच्या पत्रिका वाटायचे काम वाचक गटाकडे होते. एक पाकीट जादा तयार केले. आणंदचा पत्ता मिळवायला चार दिवस गेले, कारण भावाकडे तो नव्हता. एका चुलत मावशीकडे मिळाला. पाकिटावर नाव घालताना लग्नानंतरचे आडनाव काय, यावरून पुन्हा फोन करावा लागला. पत्रिका पोचली आहे, एवढे टपालवाल्याकडून कळले आहे. उत्सवाचे अजून सहा दिवस आहेत.

कपाटाची किल्ली कार्यालयात असते. दुसरा भाग सध्या बँकेतल्या बाईंकडे आहे, त्यांचा वाचून झाला की जमा होईल.  गणपती बाप्पा मोरया!