धाडीच्या गाडीत कोण बसते?

(हसनाबाद, ता. भोकरदन येथे महिलांच्या बैठकीत केलेले भाषण)



हातभट्टीवर धाड पडावी म्हणून पोलिसांच्या मागे लागलेल्या, त्यांच्या गाडीत बसून गेलेल्या बायका इथे असतील. ती हिंमत मोठीच आहे. पण त्या गाडीत आणखी कोण बसते, यावर मला आज बोलायचे आहे.

काही वर्षांपूर्वी देहविक्रयाच्या एका ठिकाणी छापा पडला, तेव्हा मी पंच म्हणून गेले होते. १९५६ च्या 'पिटा' कायद्याच्या कलम १५ प्रमाणे पंचांत एक तरी स्त्री लागते. मागच्या गाडीत कॅमेरे घेतलेले दोघे होते. पोलीसच असतील, असे मी धरून चालले. विचारले नाही. दार उघडले आणि आधी कॅमेऱ्याचा उजेड आत गेला. एका मुलीने ओढणीने तोंड झाकले, तर "ओढणी काढ" असे दरडावणे ऐकू आले. दुसऱ्या दिवशी फोटो छापून आला. बातमीत तिची 'सुटका' झाली होती. घरचे मात्र तिला न्यायला आले नाहीत, कारण तिच्याआधी फोटो गावात पोचला होता. पंचनाम्यात त्या दोघांचा उल्लेख नाही. सही मात्र माझी आहे.

याच कलमात आणखी काय आहे ते पाहा. झडतीला दोन महिला पोलीस हव्यात. महिला पोलीस नसेल तर बाईची चौकशी मान्यताप्राप्त संस्थेच्या स्त्री-सदस्यासमोरच व्हावी. म्हणजे कायदा बाहेरच्या बाईला आत घेतो तो आतल्या बाईच्या रक्षणासाठी, तमाशा पाहण्यासाठी नव्हे.

अमेरिकेत १९९२ साली मेरीलँडमध्ये पोलीस एका घरात पहाटे शिरले, ते 'वॉशिंग्टन पोस्ट'चा वार्ताहर आणि छायाचित्रकार बरोबर घेऊन. हवा होता मुलगा, सापडले रात्रीच्या कपड्यांतले आईबाप. फोटो छापलेही गेले नाहीत. तरी १९९९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की वॉरंट बजावण्याच्या कामात ज्यांची मदत नाही त्यांना पोलिसांनी घरात नेणे घटनेविरुद्ध आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही मे २०२२ मध्ये बजावले, की छाप्यात सापडलेल्या देहविक्रय करणाऱ्या बाईची ओळख उघड करू नये. मग ती पीडित असो की आरोपी.

कुणी म्हणेल, पत्रकार असले की पोलीस मारझोड करत नाहीत. खरे आहे. पत्रकारांनी पोलिसांवर नजर ठेवावीच. पण पोलिसांच्याच गाडीतून आलेला माणूस पोलिसांविरुद्ध किती लिहील? आणि जुलै २०२४ पासून झडतीचे चित्रीकरण पोलिसांनाच करावे लागते. ते दंडाधिकाऱ्याकडे जायचे असते, गावच्या मोबाइलवर नव्हे.

म्हणून आपण एवढे ठरवू या. गाडीत बसण्याआधी बरोबर कोण कोण आहे ते विचारायचे. बाहेरचा कॅमेरा दाराच्या आत येऊ द्यायचा नाही. आलाच, तर त्याची नोंद पंचनाम्यात मागायची, आणि वाचल्याशिवाय सही करायची नाही. आपल्या मोबाइलवरही फोटो काढायचा नाही. दारू विकणारीचासुद्धा नाही. तिलाही लेकरे आहेत, तीही उद्या याच गावात राहणार आहे.

बाईने ओढणी तोंडावर घेतली, तर ती तिथेच राहिली पाहिजे. पंच म्हणून आपण तेवढे नक्की करू शकतो. मी त्या दिवशी ते केले नाही.