दुपारच्या सुटीतला विश्वविक्रम

वैद्यकीय शिक्षण आणि अव्वल दर्जाचे धावणे एकत्र जमत नाही, ही समजूत धावपटू रॉजर बॅनिस्टर यांच्यापुढे टिकत नाही. उलट डॉक्टरकीमुळेच त्यांचा सराव नेमका झाला, असे या व्याख्यानाचे प्रतिपादन आहे. 6 मे 1954 रोजी ऑक्सफर्डच्या इफ्ली रोड मैदानावर त्यांनी 3 मिनिटे 59.4 सेकंदांत मैल पुरा करून विश्वविक्रम केला, हे सर्वश्रुत आहे. ते येथे पुन्हा उगाळायला नको.

सरावासाठी त्यांच्याकडे वेळ फारसा नव्हताच. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात शिकत असताना ते दुपारच्या सुटीत पॅडिंग्टनच्या मैदानावर धावत. त्यातही पद्धत होती. ऑक्सफर्डमध्ये त्यांनी ट्रेडमिलवर माणसे दमेपर्यंत धाववून, श्वासातला प्राणवायू वाढवल्यास काय फरक पडतो, याचे प्रयोग केले होते. त्यामुळे दम कशाने लागतो, हा त्यांच्या अभ्यासाचाच विषय होता.

या प्रतिपादनावर एक आक्षेप ठरलेला असतो: 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये बॅनिस्टर 1500 मीटरमध्ये चौथे आले, तो सराव कमी पडल्याचाच पुरावा नव्हे का? आक्षेप खरा आहे. ऐनवेळी उपांत्य फेरी वाढली आणि लागोपाठ तीन दिवस धावणे त्यांना झेपले नाही. पण त्यातून त्यांनी सरावाचे तास वाढवले नाहीत, सरावाची धार वाढवली. 440 यार्डांच्या 10 धावा, मध्ये दोन-दोन मिनिटांची विश्रांती. 1954 च्या वसंतात प्रत्येक धावेची वेळ 61 सेकंदांवर येऊन अडली, काही केल्या खाली येईना. तेव्हा ते मित्र ख्रिस ब्रॅशरसोबत सराव सोडून स्कॉटलंडच्या डोंगरात चढाईला गेले. परतल्यावर 59 सेकंद लागले! शरीराला विश्रांती केव्हा द्यावी, हे कळणे हाही सरावाचाच भाग असतो.

शर्यतीच्या दिवशी सकाळीही ते रुग्णालयातच होते. त्या काळची धावपट्टी कोळशाच्या राखेची असे. राख खिळ्यांना चिकटून बूट जड होत. बॅनिस्टर यांनी प्रयोगशाळेतल्या सहाणेवर खिळे घासून टोकदार केले, वर ग्राफाइट चोळले आणि मग ऑक्सफर्डची गाडी पकडली. शर्यतीत ब्रॅशर आणि धावपटू ख्रिस चॅटवे यांनी वेग राखून दिला म्हणून नाक मुरडणारे आजही भेटतात. शेवटचे दोनशेहून अधिक यार्ड मात्र बॅनिस्टर एकटेच पुढे होते.

उरलेले थोडक्यात. 46 दिवसांतच धावपटू जॉन लँडी यांनी तो विक्रम मोडला. ऑगस्टमध्ये व्हँकूव्हरला बॅनिस्टर यांनी लँडींना हरवले. त्याच वर्षी, वयाच्या 25 व्या वर्षी, त्यांनी स्पर्धा सोडल्या. पुढे ते मज्जाविकारतज्ज्ञ झाले. स्वायत्त मज्जासंस्थेच्या विकारांवरील आपले काम त्यांना मैलाच्या विक्रमाहून मोलाचे वाटे. मैदान आणि वैद्यक ही दोन्ही व्रते जन्मभर सोबत चालत नाहीत; काही वर्षे उत्तम चालतात, मात्र पुढे कोणते सोडायचे हे आधीच ठरलेले हवे.